होडीत म्हणावयाची गाणी

गाण्यांची निवड करणे हे काम वरवर दिसते तितके निरुपद्रवी नाही, हे आम्हांस गेल्या दिवाळीत कळून आले. इकडच्या आम्हां मराठी मंडळींनी सुटीत गंगरेलला सहलीस जाण्याचा बेत केला. धमतरीजवळ महानदीला अडवून जो विस्तीर्ण जलाशय झाला आहे त्याचे सरकारी नाव रविशंकर सागर. लोक मात्र गंगरेलच म्हणतात. तेथे तास-दीड तास होडीत बसावयाचे होते, आणि होडीत बसावयाचे म्हटले की गाणी हवीतच. कोणी पुऱ्या करावयाच्या, कोणी सतरंज्या आणावयाच्या, याची वाटणी झाली, आणि ज्यास धड पुऱ्याही लाटता येत नाहीत व ज्याच्या घरी धड सतरंजीही नाही अशा आमच्याकडे "होडीत शोभतील अशी वीस गाणी" काढण्याचे काम आले. आम्ही केंद्र सरकारच्या कचेरीतले लिपिक. यादी करणे हा आमचा पिढीजात नसला तरी पोटजात धंदा आहे. आम्ही आनंदाने होकार दिला.

पद्मनाभपुरातील आमच्या बिऱ्हाडाच्या गच्चीवर रात्री कागद घेऊन बसलो. दुर्ग आणि भिलाई यांच्या सांध्यावरची ही वसाहत. हावड्याहून मुंबईस जाणाऱ्या गाड्यांचा आवाज रात्री येथे स्पष्ट ऐकू येतो, आणि मराठी माणसाला तो एरवीही झोपू देत नाही.

प्रथम अर्थातच सिनेमातील गाणी सुचली. काश्मीरचे सरोवर, त्यात शिकारा, शिकाऱ्यात नायिका, आणि तिला पाहून भान हरपलेला नायक. 'कश्मीर की कली' हा चित्रपट १९६४ सालचा. पण त्यातील शम्मी कपूरची शिकाऱ्यातील धांदल अद्याप कोणी विसरलेले नाही. अशी सहा-सात गाणी आम्ही भराभर लिहून काढली. मग सहज एक गोष्ट ध्यानात आली. या सगळ्या गाण्यांत जो गातो तो वल्हे मारीत नाही, आणि जो वल्हे मारतो त्याला तोंड उघडण्याची मुभा नाही. तेथे होडी म्हणजे पाण्यावर ठेवलेली एक गादी आहे. ती गादी जमिनीवर ठेवली असती तरी गाण्यात मात्रेचाही फरक पडला नसता.

त्यानंतर सचिन देव बर्मन आठवले. १९६३ च्या 'बंदिनी'च्या अखेरीस त्यांनी स्वतःच्या त्या रापलेल्या आवाजात माझ्याला घातलेली साद ज्याने ऐकली आहे, त्याला आम्ही निराळे काय सांगावे? आपल्या नूतनने उभी केलेली ती कल्याणी एका बाजूस उभी असलेली आगगाडी सोडते आणि दुसऱ्या बाजूस सुटत असलेल्या आगबोटीकडे धाव घेते. आगगाडीत तिचे सुखाचे भविष्य आहे, बोटीत आजारी व ओढगस्तीचा भूतकाळ. बंगालच्या नावाड्यांच्या ज्या गाण्यांचा संस्कार बर्मनांच्या गळ्यावर झाला होता त्यांना भटियाली म्हणतात. प्रवाहाबरोबर खाली जाताना नावाड्याचे हात मोकळे असतात. त्यामुळे भटियालीचे स्वर लांबलचक, ठेक्याच्या धाकातून सुटलेले असतात. वल्ह्यांच्या शर्यतीत म्हणावयाची सारी गाणी निराळी. ती ठेक्याला घट्ट बांधलेली असतात. एकाच नदीवर वाहत जाण्याचे गाणे वेगळे आणि वल्हवत नेण्याचे वेगळे!

मराठीकडे वळल्यावर कोळीगीते रांगेने पुढे आली. शान्ता शेळके यांचे डोलकराचे गीत वगळून मराठी माणूस होडीत बसलाच तर ती होडी उलटेल अशी आमची समजूत आहे. हृदयनाथ मंगेशकरांची चाल, लताबाईंचा स्वर, आणि दर्याचा राजा होऊन गाणारे हेमंतकुमार तर बंगाली! पुष्कळांना डोलकर म्हणजे डोलणारा असे वाटते. वस्तुतः डोल हे एका जाळ्याचे नाव आहे. मोठ्या पिशवीसारखे हे जाळे समुद्रात रोवलेल्या खुंटांना बांधून ठेवतात. भरती-ओहोटीच्या ओढीने बोंबील, जवळा असली मासळी आपण होऊन त्यात शिरते. ते लावणारा तो डोलकर. म्हणजे हे गाणे डुलत बसणाऱ्याचे नव्हे, कामकऱ्याचे आहे. गोव्याकडील एक देखणीही आम्ही यादीत घातली. पलीकडच्या तीरावर दामूच्या लग्नाला निघालेली नर्तकी नदीकाठी तारीची विनवणी करते, अंगावरचे दागिने देऊ करते, आणि तारी नाही म्हणतो. १९७३ च्या 'बॉबी'त तिचीच चाल हिंदी पेहराव करून आली आहे.

शेवटी सावरकरांचे सागरगीत. ते मात्र आम्ही लिहिले आणि खोडले. १९०९ साली ब्रायटनच्या किनाऱ्यावर ते रचले गेले तेव्हा कवीला परतीची वाट बंद होत चालली होती. प्रवासभत्ता घेऊन, सामानाच्या पेट्या मोजून, दोन वेतनवाढींचा हिशेब करीत भिलाईस आलेल्या लिपिकाने पुऱ्या खाताखाता ते गाणे म्हणावे, हे आम्हांस बरे वाटेना. शिवाय ते होडीतले गाणे नव्हे, तीरावरचे आहे. तरीही परमुलखात राहणाऱ्या आम्हां सर्वांच्या मनात ते कोठेतरी चालूच असते हे नाकारण्यात अर्थ नाही. आमच्या टेबलाच्या खणात त्या वेळी बदलीच्या अर्जाचा एक कोरा नमुना पडून होता. महाराष्ट्रात परत जावयाचे असल्यास महिनाअखेरपर्यंत तो भरून देणे भाग होते.

दुसऱ्या दिवशी यादी आम्ही आईस वाचून दाखविली. वडील गेल्यानंतर दोन वर्षांपूर्वी आम्ही तिला इकडे आणले. दाभोळच्या खाडीकाठचे घर कुलूप घालून बंद केले आणि किल्ली तिने आपल्या पिशवीत ठेवली. ती पिशवी ती उशाशी घेऊन झोपते. येथे तिला कसली उणीव नाही, असे आम्ही सर्वांना सांगतो. तिने मात्र दोन वर्षांत एवढेच म्हटले आहे की येथील पाण्याला वास नाही. खारा वास, असे तिला म्हणावयाचे असते.

यादी ऐकून घेऊन ती म्हणाली, "गाणी चांगली आहेत रे. पण होडीत म्हणतं कोण?"

"म्हणजे?"

"आम्ही रोज तरीतनं शाळेत जायचो. कधी कोणी गाणं म्हटलेलं मला आठवत नाही."

आमची सौभाग्यवती हसली. आम्ही मात्र थोडेसे नाराज झालो. वीस गाण्यांची यादी मंजुरीसाठी पाठविल्यावर वरिष्ठांनी मूळ प्रस्तावालाच हरकत घ्यावी, तसे ते झाले.

गंगरेलची सहल यथासांग पार पडली. पाणी निळे होते, डोंगर हिरवे होते, पुऱ्या उत्तम होत्या. होडी यंत्राची होती. यंत्र सुरू झाले आणि आमच्या वीसही गाण्यांची एकजात वासलात लागली. कोणी ध्रुपद उचलले की ते यंत्राच्या घरघरीत बुडे. कोणी मोबाइलवर गाणे लावले की ते शेजाऱ्यालाही ऐकू जाईना. यंत्राला ठेका असतो, परंतु त्या ठेक्यात श्वास घेण्यास जागा नसते. आई कडेला बसून पाण्यात हात बुडवीत होती. पलीकडचा तीर जवळ येण्याआधीच होडी वळली आणि निघालो होतो तेथेच परत येऊन लागली. उतरताना आई म्हणाली, "पलीकडे जायचंच नव्हतं तर बसलो कशाला?"

या प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. आम्हांस तो होडीपुरताही वाटला नाही.

त्रिपुरी पौर्णिमेला तिने नदीवर दिवा सोडण्याची इच्छा सांगितली. दुर्गच्या पश्चिमेस शिवनाथ नदी आहे. आगगाडीने मुंबईकडे जाताना गाव सुटताच हिच्याच पुलावरून गाडी धडधडत जाते. तेव्हा तिची ओळख आम्हांस होती, पण ती पुलावरची ओळख. वरिष्ठांची आमच्याशी असावी तशी. त्या दिवशी प्रथमच आम्ही तिच्या काठाशी उतरलो. सकाळच्या स्नानाची गर्दी ओसरली होती. एक केवट आपला डोंगा काठाला लावून बसला होता. इकडे होडीला डोंगा म्हणतात. त्याच्याबरोबर त्याचा आठ-नऊ वर्षांचा मुलगा होता. आमच्या चिरंजीवांच्याच वयाचा. पलीकडे नेऊन परत आणावे, असे ठरले. आईचा हात धरून बसविताना केवट म्हणाला, "धीरे, दाई." छत्तीसगढीत आईला दाई म्हणतात. आमच्या आईने मान हलविली, जणू तिला कोणी जुन्या नावाने हाक मारली होती.

डोंगा काठापासून सुटला आणि तो थोडासा कलताच आमचे चिरंजीव घाबरून उभे राहिले. गंगरेलच्या मोठ्या बोटीत त्यांना भीती वाटली नव्हती. या लाकडाच्या डोंग्यात पाणी कोपराशी येते. सौभाग्यवतीने ओढले, आम्ही दरडावले, केवटाने "बैठ बाबू" म्हटले, व्यर्थ. तोच आई मोठ्याने म्हणाली, "बे एके बे."

आम्ही चमकून पाहिले. ती मुलाकडे पाहत नव्हती. तिची नजर वल्ह्यावर होती.

"बे दुणे चार. बे त्रिक सहा. बे चोक आठ."

वल्हे पाण्यात शिरे तेव्हा 'बे दुणे', वर येई तेव्हा 'चार'. पहिल्या दोन-तीन खेपांस चुकले. मग केवटाने न सांगता आपला हात थोडा सावरला आणि ठेका जमला. चिरंजीव खाली बसले. त्यांना मराठी पाढे येत नाहीत. शाळेत जे शिकवतात ते त्यांनी सुरू केले, "दो एकम दो, दो दूनी चार." केवटाचा मुलगा टोकाशी बसून इतका वेळ गंभीरपणे पाहत होता. ओळखीचे काही निघालेले पाहून तोही त्यात सामील झाला. बे आणि दो ही एकाच नात्यातील दोन भावंडे; शेवटी 'चार'वर आणि 'आठ'वर तिघांचीही गाठ पडे. नदीच्या मध्यावर आम्ही पाचावर होतो. पलीकडच्या वाळूला डोंगा लागला तेव्हा नवाचा पाढा संपत आला होता.

"हेच म्हणायचो आम्ही," आई म्हणाली.

मग वाळूवर बसून दिव्याच्या वाती सारखी करताना तिने सांगितले. खाडीवरचा त्यांचा तारी म्हातारा होता. मुले होडीत दंगा करीत, एका बाजूस धावत, आणि होडी कलंडण्याचे भय असे. कोकणच्या किनाऱ्यावर ते भय कोणास शिकवावे लागत नाही. १७ जुलै १९४७ रोजी मुंबईहून रेवसला निघालेली 'रामदास' बोट बुडून सहाशेहून अधिक माणसे गेली, ही कथा त्या किनाऱ्यावरील पुढच्या पिढ्यांनीही घरच्या गोष्टीसारखी ऐकली आहे. म्हणून तारीने नियम घातला होता की होडी सुटली की पाढे सुरू व्हावयाचे. जो पाढे म्हणतो तो उभा राहत नाही. तारी स्वतः निरक्षर होता. पण तीस वर्षे ऐकून त्याला सगळे पाढे येत, आणि कोणी चुकले की तो वल्हे वरच धरून थांबे. ओहोटीच्या ओढीत होडी खाली जाऊ लागे. चूक दुरुस्त केल्यावाचून पलीकडचा तीर मिळत नसे. एकोणतिसाचा पाढा येत नसलेल्या मुलांनी त्या दिवशी मागे बसावे, असा संकेत होता. पावकी, निमकी, सवायकी, दिडकी तिला वडिलांनी घरी शिकविली आणि ती घटविली या होडीने. औटकी म्हणजे साडेतिनाचा पाढा. तो मात्र तिला कधी पुरा आला नाही.

"तारी गेला आणि मग आमची शाळाही संपली. अर्ध्यावरच राहिली ती," ती म्हणाली. औटकीविषयी म्हणाली की शाळेविषयी, आम्ही विचारले नाही.

आता त्या खाडीवर दाभोळ आणि धोपावे यांच्यामध्ये मोटारी वाहून नेणारी फेरीबोट चालते. तिच्यात पाढे म्हणण्याचे कारण उरलेले नाही. आम्ही स्वतः लहानपणी ती खाडी अनेकदा ओलांडली असेल. आईने तेव्हा ही गोष्ट सांगितली नव्हती. ती तिला शिवनाथच्या वाळूवर आठवावी, याचे आम्हांस नवल वाटले आणि थोडेसे वाईटही. दोन वर्षे एका घरात राहून आम्ही तिला औषधे विचारली, जेवण विचारले, झोप विचारली. कधी होडीत बसविले नाही.

दिवा पाण्यात सोडला. तो मागे न येता पुढे, आमच्या गावाकडे पाठ करून निघाला. आईने विचारले, "हे पाणी कुठं जातं?"

कचेरीत पुष्कळ प्रश्नांची उत्तरे आम्ही "माहिती मागविली आहे" अशी देतो. हे मात्र येत होते. शिवनाथ महानदीला मिळते. महानदी हिराकुडच्या धरणातून कटकला जाते आणि पूर्वेच्या समुद्रास मिळते. आमच्याकडे श्रावणात नारळी पौर्णिमेस समुद्राला नारळ देऊन होड्या दर्यात जावयास मोकळ्या होतात. तिकडे ओडिशात याच कार्तिकी पौर्णिमेस पहाटे केळीच्या सोपटांच्या लहान लहान होड्या दिवे लावून पाण्यात सोडतात. त्यांचे साधव नावाचे व्यापारी वाऱ्याची दिशा पालटली की या सुमारास जावा-बालीकडे गलबते हाकारीत, त्याची ती आठवण. कटकास महानदीकाठी आज भरणाऱ्या जत्रेला बालीयात्रा असेच नाव आहे. आमचा वारा नैर्ऋत्येचा, त्यांचा ईशान्येचा. आमचा समुद्र मावळतीचा, त्यांचा उगवतीचा. पण पौर्णिमेला होडीपाशी जाऊन हात जोडणारी माणसे दोन्हीकडे आहेत.

आई ऐकत होती. "म्हणजे तिकडेही समुद्रच आहे," एवढे ती म्हणाली आणि उठली.

परत येताना ओढ उलट होती. केवटास जोर लावावा लागत होता आणि त्याचा श्वास ऐकू येत होता. मुलांनी आपण होऊन पाढे धरले. आई त्यांच्यात मिसळली, सौभाग्यवतीही. आम्ही सबंध दिवस आकड्यांच्या रकाना भरण्यात घालविणारे. आकडे म्हणजे आमच्या चाकरीचा भाकड भाग, अशी आमची समजूत. ते आकडे एका दमलेल्या माणसाच्या हातास हात देत आहेत असे तेव्हा वाटले. भटियालीचे स्वर लांब का, हे गच्चीवर बसून आम्ही लिहून काढले होते. वल्हे ओढताना गाणे आखूड आणि टणक का असावे लागते, हे आता हाडांना कळले. जे म्हटल्याने वल्हे मारणाऱ्याचा एक हेलपाटा हलका होतो ते होडीतले गाणे. बाकीची वीसही चांगली आहेत. ती तीरावर म्हणावीत.

काठाशी उतरल्यावर केवट घाम पुसत आईस म्हणाला, "बने हे, दाई." बने म्हणजे छान. त्याला पैसे देताना आमच्या मनात आले की या माणसास जर विचारले, तुझे घर अलीकडच्या तीरावर की पलीकडच्या, तर तो काठ दाखवील आणि लगेच पुन्हा दोर सोडील. आम्ही मात्र इतकी वर्षे होडीत बसून एकाच तीराकडे पाहत आहोत. बसण्याची पाळी होती तेव्हा उभे राहिलो, आणि वल्ह्यास तर हातही लावला नाही.

असा विचार नदीकाठी सुचणे सोपे. महिनाअखेर तो टिकणे कठीण. आम्ही अर्ज भरला. लपविण्याचे कारण नाही, पसंतीच्या ठिकाणांच्या पहिल्या रकान्यात आम्ही रत्नागिरी लिहिले. आईस वाचून दाखविले. ती "बरं" म्हणाली. नंतर पिशवीतून किल्ली काढून तिने ती देवघराच्या कोनाड्यात ठेवली. याचा अर्थ जाण्याची तयारी की राहण्याची, हे आम्ही ठरवू शकलो नाही, आणि विचारण्याचे धैर्यही झाले नाही.

तेव्हापासून बहुतेक रविवारी आजी आणि नातू शिवनाथवर जातात. आम्ही बरोबर असतो आणि केवटाच्या परवानगीने एक-दोन खेपा वल्हेही मारतो. डोंगा तिरपा जातो, मुले हसतात. एकोणतिसाचा पाढा नातवाने मराठीत पाठ केला आहे. केवटाच्या मुलाने तो त्याच्याआधी केला. आई आता दोघांबरोबर औटकी शिकते आहे.

अर्ज विचाराधीन आहे. औटकी सातापर्यंत आली आहे.